तीन रकाने आणि महादेवाची तसबीर

केज तालुक्यातल्या कुठल्याही पतसंस्थेत नाहीतर कॉलेजच्या ऑफिसात शहादेव तांदळे पाऊल ठेवतात, तेव्हा आधी चिठ्ठ्याचपाट्या गडप होतात. "हवालदार आले, हवालदार आले" अशी कुजबूज होते आणि कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलेले कागद लोक ओरबाडून खिशात कोंबतात. हवालदार रागावत नाहीत. चिकटपट्टीची राहिलेली खूण तेवढी बोटानं चाचपतात आणि म्हणतात, "काढलं का? बरं झालं. आता खिशातलं बी फाडा." दुसऱ्यांची कॉम्प्युटरं बंदोबस्तात ठेवणं हा त्यांचा धंदा. ह्या धंद्यात ते कसे आले त्याची ही गोष्ट. तिच्यात ते काही फार शहाणे दिसत नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

गोष्ट सन दोन हजारची. शहादेव तेव्हा बेचाळीस वर्षांचा, फौजेत हवालदार, पण बंदूकवाला नव्हे. तो सिग्नलमध्ये सायफरला होता. साहेबानं साध्या भाषेत लिहिलेला निरोप घ्यायचा आणि त्याची अशी अक्षरं करायची की शत्रूच्या हाती कागद पडला तरी त्यानं कपाळ बडवून घ्यावं, हे त्याचं काम. बावीस वर्षं दाराला आतून कडी लावून बसायचं, वापरलेला कागद जाळायचा, राखही चुरडायची, आणि बाहेर कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. बायकोला, वत्सलाला, लग्नानंतर नऊ वर्षं आपला नवरा फौजेत टपाल वाटतो असंच वाटत होतं.

मुळात स्वभाव संशयी, त्यात नोकरी अशी. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला. रजेवर आला की एसटीचं तिकीट दोनदा वाचायचा, दूधवाल्याचं माप उलटं करून बघायचा. चहात साखर जास्त पडली तर कप खाली ठेवून विचारायचा, "आज काय मागायचंय?" वत्सला म्हणायची, "ह्या घरात गोड करायची बी चोरी हाय बाई."

त्या वर्षी सप्टेंबरात तो शेवटची मोठी रजा घेऊन केजपासून तीन मैलांवरच्या आपल्या गावी आला. मार्चमध्ये पेन्शन होती, आणि ट्रंकेत एक फॉर्म होता. फौजेतून सुटणाऱ्याला पुढं पोटापाण्याचं काहीतरी शिकवून सोडतात. बाकीचे हवालदार डोळे झाकून बँकेच्या दारावरची नोकरी धरत. यंदा पहिल्यांदाच सायफरवाल्यांसाठी पुण्याचा एक वर्ग निघाला होता, कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा. त्यात तीन शाखा, म्हणून फॉर्मवर तीन रकाने. पहिला बंदोबस्ताचा, म्हणजे चोर शिरू नये अशी कुलपं बसवायची. दुसरा फोडाफोडीचा, म्हणजे मालकाच्याच परवानगीनं आत शिरून भोकं दाखवायची. तिसरा तपासाचा, चोरी झाल्यावर चोर हुडकायचा. खूण एकाच रकान्यात करायची, एकदाच करायची, आणि पंधरा ऑक्टोबरच्या आत कागद जबलपूरच्या फौजी ऑफिसात पोचला पाहिजे. एकदा केलेली खूण बदलता येणार नाही, असं खाली ठसठशीत छापलं होतं.

पुढच्या वीस वर्षांची भाकरी एका खुणेवर. शहादेवची झोप उडाली, कारण सल्ला कुणाचा घ्यायचा? कॅप्टन साहेब म्हणाले होते, "तांदळे, पहिला रकाना भरो." ह्याला वाटलं, पहिल्याला माणसं मिळत नसतील, म्हणून माझ्या गळ्यात मारतायत. केज-बीड जीप चालवणारा मेहुणा भागवत म्हणाला, "दाजी, कशाला त्या भानगडीत पडता? साखर कारखान्यावर सुपरवायझर व्हा. मी बोलून ठिवतो." ह्याच्या डोक्यात लगेच किडा, ह्याला कारखान्याकडून काय मिळतंय?

मनातून त्याला तिसरा रकाना हवा होता. चोर हुडकायचा तर संशय पाहिजे, आणि तो आपल्याकडं पोत्यानं आहे, असा त्याचा हिशेब. फॉर्म इंग्रजीत होता. नीट समजावा म्हणून एकदा त्यानं मुलीला, करिष्माला, समोर बसवून तो मोठ्यानं वाचून घेतला. मग घडी करून ट्रंकेत टाकला आणि किल्ली करदोट्याला बांधली.

करिष्मा एकोणीस वर्षांची, केजच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. सकाळी दोन तास ती मृत्युंजयच्या कॉम्प्युटर सेंटरवर मुलींना टायपिंग शिकवायची. हा मृत्युंजय म्हणजे केजच्याच कल्याणराव किराणावाल्यांचा थोरला. बापाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्यानं तीन कॉम्प्युटर मांडले होते आणि त्यातल्या एकाला टेलिफोनच्या वायरीतून इंटरनेट आणलं होतं. गाव लांबलांबून बघायला यायचं. शंभर तासांचं पाकीट विकत मिळे. पाकिटातल्या कागदावर एक नाव आणि एक पासवर्ड. तो टाकला की इंटरनेट लागणार आणि तास कमी होत जाणार.

मुलीचं कामाचं ठिकाण बघावं म्हणून शहादेव सेंटरवर जायला लागला. दुकानातूनच आत जावं लागे. दुकानात गल्ल्याच्या वर महादेवाची मोठी तसबीर होती, काचेवर विभूतीचे पट्टे ओढलेले. येणारं गिऱ्हाईक आधी तसबिरीला हात लावून नमस्कार करणार, मग तूरडाळीचा भाव विचारणार, ही त्या दुकानाची रीतच. शहादेवही रोज डोळे मिटून नमस्कार करी आणि आत जाई.

चौथ्या दिवशी मृत्युंजयनं त्याला बाजूला घेतलं. "मामा, एक अडचण हाय. आमचे तास चोरीला चाललेत."

"म्हंजे?"

"दुकान बंद असतंय, कॉम्प्युटर बंद असतोय, आन तरी तास कमी होतेत. कुणीतरी आपला पासवर्ड त्याच्या घरी बसून वापरतंय. तुमी फौजेत ह्येच करीत होता म्हणं. कोण हाय ते हुडकून द्या ना."

आपण फौजेत काय करत होतो हे ह्याला कुणी सांगितलं, हा संशय आधी आला. पण दुसरा विचार जास्त गोड होता. ही तर परीक्षाच घरी चालत आली. चोर सापडला तर तिसऱ्या रकान्यात खूण. नाही सापडला तर तो रकाना आपला नव्हे. मनाशी एवढं पक्कं करून शहादेव कामाला लागला.

चार दिवस तो सेंटरच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिला. कोण कुणाच्या खांद्यावरून बघतं, कोण वहीत काय लिहितं, सगळं टिपलं. टायपिंगच्या पोरी बिचकायला लागल्या. दोघी तर यायच्याच बंद झाल्या. केजमध्ये ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आणि फोन दोन्ही आहेत अशा सहा घरांची यादी त्यानं केली. एका डॉक्टरच्या दवाखान्यात पोट दुखतंय म्हणून जाऊनही आला. पोटाला काही झालं नव्हतं, पण गोळ्या घ्याव्या लागल्या.

मग त्यानं सायफरचा जुना डाव टाकला. मृत्युंजयला बसवून पासवर्ड बदलून घेतला. नवा पासवर्ड त्यानं स्वतः रचला, नऊ अक्षरं, ज्यांचा कशाचा कशाशी संबंध नाही. करिष्माला तिथंच बोलावलं, कारण सकाळी इंटरनेट तीच लावायची.

"ध्यान देऊन ऐका. हे आता तिघांच्या डोक्यात. तू, ही आन मी. चौथ्याला कळता कामा नये. तुझ्या दोस्ताला न्हाई, नोकराला न्हाई. आन करिष्मा, कागदावर उतरायचं न्हाई."

"न्हाई उतरत, अप्पा," ती म्हणाली आणि दोनदा पुटपुटून नऊच्या नऊ अक्षरं पाठ केली. मुलगी हुशार, म्हणून बापाला तेव्हा अभिमानच वाटला होता.

सर्वपित्री अमावास्येला दुकान दिवसभर बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर पाकिटातले चार तास गेलेले. मृत्युंजयनं डोक्याला हात लावला.  शहादेवच्या डोक्यात मात्र आकडेमोड सुरू झाली होती. तिघांना ठाऊक. मी नाही. मृत्युंजय स्वतःच्याच घरात चोरी कशाला करील? राहिलं कोण?

सायफरमध्ये असंच शिकवतात. सगळी नावं खोडत जायची. शेवटी जे नाव उरेल ते कितीही जवळचं असो, त्यावर बोट ठेवायचं. हे शिकवणाऱ्यांना मुली नसाव्यात.

तो घरी आला तेव्हा करिष्मा अंगणात कपडे वाळत घालत होती. वत्सला शेजारणीबरोबर शेंगा फोडत बसली होती. त्यानं कुणाला न विचारता तिची कॉलेजची पिशवी आणली आणि बाजेवर उपडी केली. पुस्तकं, कंगवा, दोन रिबिनी, अर्धवट खाल्लेली चिक्की. आणि वहीत घडी केलेला एक कागद. त्यानं तो उघडला. तो त्याचाच फॉर्म होता. म्हणजे ट्रंकेतला नव्हे, पेन्सिलीनं काढलेली नक्कल. त्याचं नाव, नंबर, हुद्दा, तिन्ही रकाने, खालची सूचनासुद्धा. खूण तेवढी कुठंच नव्हती.

"हे कुठून आलं? ट्रंक उघडली?"

"न्हाई अप्पा. तुमी वाचून घेतलंत ना, तवा ध्यानात राहिलं."

"एवढं समदं? एकदा वाचून?"

"हां."

"मग नऊ अक्षरं काय अवघड हायती," शहादेव म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटला. "कुणाला दिलास पासवर्ड? कोण हाय तो?"

शेजारणीच्या हातातली शेंग तशीच राहिली. 'कोण हाय तो' ह्या तीन शब्दांचा गावात काय अर्थ होतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. करिष्माच्या हातातला ओला शर्ट मातीत पडला.

"आन ही नक्कल कावून केली? कुणाला दाखवायची होती?"

 करिष्मानं शर्ट उचलला, पुन्हा धुतला, दोरीवर टाकला आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती सेंटरवर गेली नाही. बापाशी बोलणंही बंद. त्याच्या ताटात भाकरी वाढायची, पण डोळे ताटावर.

वत्सला मात्र बोलली. "तुमचं इंग्रजी अक्षर कोंबडीच्या पायावानी. साहेब लोकांपुढं बापाचा कागद तसा जाऊ ने म्हणून पोरगी आठ दिवस सराव करीत होती. तुमी खूण केली की चांगल्या अक्षरात भरून देणार होती. आता ठिवा तुमची खूण तुमच्यापाशी."

शहादेवला हे पटलं का? अर्धंमुर्धं. उरलेलं अर्धं मन म्हणत होतं, आई पोरीची बाजू घेणारच. संशयाचं असंच असतं. त्याला पुरावा लागत नाही, आणि उलट पुरावा दिला तर तो त्याच्यावरही संशय घेतो. त्यानं तिसऱ्या रकान्यावर पेन्सिलीचा बारीक ठिपका देऊन ठेवला. चोर सापडला होता ना! 

खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याची त्याची हत्यारं पूजेला. कल्याणरावांकडून बोलावणं आलं, "फौजी माणूस गावात हाय, आमच्या हत्यारांची पूजा त्याच्या हातून." दुकानातला तराजू, वजनं, अडकित्ता घासूनपुसून ओळीनं मांडले होते. मागच्या खोलीतून तिन्ही कॉम्प्युटरांचे कीबोर्ड आणि इंटरनेट जोडणारी दिवेवाली डबीही आणून पाटावर ठेवली होती, झेंडूची फुलं वाहून. शहादेवचं लक्ष पूजेत नव्हतं. चोरी आपल्या घरात निघाली हे कल्याणरावांना कोणत्या तोंडानं सांगायचं, ह्या विचारात तो होता.

"हवालदार, जरा हात लावा," कल्याणराव म्हणाले. सत्तरीचे गृहस्थ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. ते स्टुलावर चढून महादेवाची तसबीर काढत होते. "काच पुसून घिऊ. वर्सातून एकदाच खाली येतो द्येव."

शहादेवनं दोन्ही हातांनी तसबीर धरली. हात गुंतलेले, त्यामुळं नमस्कार करता येईना, आणि नमस्कार नाही म्हणून डोळे मिटायचं कारण नाही. तसबीर त्याच्या नाकापुढं होती. खालच्या कोपऱ्यात काचेच्या आणि चौकटीच्या फटीत एक चिठ्ठी खोचलेली होती. वर 'श्री' काढलेलं, त्याखाली विभूतीचं बोट ओढलेलं, आणि त्याखाली कल्याणरावांच्या टपोऱ्या अक्षरांत त्याचीच नऊ अक्षरं.

तसबीर पडता पडता राहिली.

"काका, हे काय हाय?"

"ते व्हय? आमच्या इंटरनेटचा मंतर हाय," कल्याणराव समाधानानं म्हणाले. "आधीचा बी तिथंच होता. ह्यानं बदलला तवा नवा लिहून खोचला. मौल्यवान चीज द्येवापुढं असावी. आमच्या बापापासूनची रीत हाय, तिजोरीची किल्ली बी रातच्याला तिथंच असती."

शहादेवनं मृत्युंजयकडं पाहिलं. "चौथ्याला सांगायचं न्हाई म्हणलो होतो."

"कुठं सांगितलं मामा?" मृत्युंजय खरोखरच गोंधळला होता. "विसरलो तर असावा म्हणून नुसता बापाला दिला. बाप म्हंजे काय चौथा माणूस असतो का?"

ह्या प्रश्नाला फौजेच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं. शहादेव तसबीर धरून उभा राहिला. दिवसाला दोनशे माणसं ह्या तसबिरीला हात लावत होती, आणि तो स्वतः तीन आठवडे रोज तिला हात लावत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. डॉक्टरच्या गोळ्यासुद्धा गिळून झाल्या होत्या.

"मग चोर कोण, हवालदार?" कल्याणरावांनी विचारलं.

"ज्यानं डोळे उघडे ठिवून नमस्कार केला तो," शहादेव म्हणाला. "आता कुठं हुडकता, काका? अख्खं केज हाय."

त्यानं चिठ्ठी काढली, पण फाडली नाही. म्हाताऱ्याच्या हातात दिली. "द्येवापुढंच ठिवा. पर डबीत ठिवा, आन डबीला कुलूप लावा. पासवर्ड मी आता बदलून देतो." बदलून दिला, आणि त्यानंतर तास जायचे थांबले. चोर कोण होता ते आजवर कळलेलं नाही.

पण शहादेवच्या मनात तेव्हा चोर नव्हताच. मातीत पडलेला ओला शर्ट होता. भागवतची जीप समोर उभी होती तरी तो तीन मैल चालत घरी आला, कारण जीपमध्ये कुणाशी तरी बोलावं लागलं असतं. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटायची त्याला सवय नव्हती.

करिष्मा ओसरीवर झेंडूचं तोरण ओवत होती. तो समोर बसला.

"चुकलो म्या. ते देवाच्या तसबिरीत होतं." सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. सुई थांबली नाही.

मग त्यानं ट्रंक उघडली, फॉर्म आणला आणि तिच्यापुढं ठेवला. "भर तू. चांगल्या अक्षरात."

"तुमीच भरा अप्पा," ती म्हणाली. आठ दिवसांतलं तिचं पहिलं बोलणं. "उद्या काही चुकलं तर अक्षर कुणाचं म्हणून हुडकाल."

 त्यानं पेन घेतलं आणि कोंबडीच्या पायांनी सगळा कागद स्वतःच भरला. शेवटी रकाने आले. तिसऱ्यावरचा पेन्सिलीचा ठिपका त्यानं खोडरबरानं पुसला. चोर धरायचा तर आधी कुणावर तरी बोट ठेवावं लागतं, आणि आपलं बोट फार लवकर उठतं, एवढं त्याला कळलं होतं. लोक पासवर्ड देवापुढं ठेवणार, बापाला देणार, तो त्यांचा स्वभाव आहे. त्यांच्या स्वभावाला धरून कुलूप बसवणारा कुणी पाहिजे. त्यानं पहिल्या रकान्यात खूण केली.

खूण करताना डावा हात आपोआप कागदावर आडवा गेला. बावीस वर्षांची सवय. करिष्मानं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. "झाका, झाका. म्या न्हाई बघत."

शहादेवला ते आठ दिवसांच्या अबोल्यापेक्षा जास्त लागलं. त्यानं हात काढला आणि कागद तिच्याकडं सरकवला. "बघ."

तिनं हातातलं फूल आधी ओवून संपवलं. मग तोरण बाजूला ठेवून तिनं कागद उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला. रकान्यापाशी थोडी थांबली.

"आपला पिनकोड चुकलाय," ती म्हणाली. "शेवटचे दोन आकडे उलटे झालेत."

"व्हय?"

"व्हय."

त्यानं खोडून ती सांगेल तसे आकडे लिहिले. तिनं कागदाची घडी केली, पाकिटात घातला आणि कडेला डिंक लावला.

दसरा आणि रविवार सरल्यावर सोमवारी शहादेव केजच्या पोस्टात रजिस्टर करायला गेला. रांग मोठी होती, त्याला पाऊण तास उभं राहावं लागलं. खिडकीच्या बरोबर वर पोस्टाची लाल पाटी होती आणि तिच्यावर केजचं नाव आणि त्यांच्या गावालाही तोच असलेला पिनकोड हातभर आकड्यांत रंगवला होता. पोरीनं सांगितलेले आकडे पडताळायला नुसती मान वर करायची, एवढंच काम. पाऊण तास शहादेव हवालदार मान खाली घालून, पुढच्या माणसाच्या चपलांकडं बघत उभा राहिला. पाकीट खिडकीतून आत दिलं, पावती घेतली, आणि पाटीकडं न बघता तो घरी आला.